हाड मोडतं, तुटत नाही

ताई, तुझ्या शोकसभेला लोक आपापली हाडं घेऊन आले होते.

दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू? कस्तुरबा गांधी मार्गाजवळचा तो छोटा हॉल तुला माहीत आहे. खुर्च्या संपल्या, तेव्हा लोक मागे भिंतीला टेकून उभे राहिले. मराठी मंडळाच्या काकांनी तुझं शिक्षण, तुझी नोकरी, तुझे सत्कार असं सगळं वाचून दाखवलं आणि मग, कुणाला बोलायचं असेल तर बोला, म्हणून माईक ठेवला. मला वाटलं, दोघं-तिघं उठतील. पण उठतच गेले.

करोल बागेत गाड्यांच्या पार्ट्सचं दुकान असलेले एक सरदारजी पहिले. त्यांनी बाही वर सारून सगळ्या हॉलला कोपर दाखवलं. म्हणाले, "मैडम ने एक्स-रे देखा और बोलीं, पाजी, ये भुट्टे के दाने हो गए हैं. एक-एक दाना वापस बिठाऊँगी, टाइम लगेगा, हिलना मत." लोक हसले आणि मग हसलो म्हणून ओशाळले. त्यांच्यानंतर पहाडगंजच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आल्या. त्यांच्या मनगटाला केसाएवढी चीर गेली होती आणि त्या प्लास्टर घालून घ्यायला तयार नव्हत्या. "शुभा मला म्हणाली, बाई, कपाला तडा गेलाय. चहा गळत नाही म्हणून वापरत राहिलात, तर एक दिवस कान हातात राहील आणि कप खाली." एक धावपटू मुलगी द्वारकेहून आली होती. तिच्या नडगीत धावून धावून भेग पडली होती, ती स्वतः कुठे पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. ती म्हणाली, "डॉक्टर ने कहा, तुम्हारी हड्डी को चोट नहीं लगी. वो थक गई है. उसको छुट्टी दे दो."

मी पहिल्या रांगेत आईच्या शेजारी बसले होते. आई प्रत्येकाकडे बघून मान हलवत होती. आणि मला, ताई, हेवा वाटत होता.

दुःख होतंच. ते मी घरून निघतानाच सोबत घेऊन निघाले होते, त्याचं काही नवल नव्हतं. हा हेवा मात्र अनपेक्षित होता. तू गेल्यावर तरी तो संपेल, अशी माझी समजूत होती. पण त्या सरदारजींना तू कणीस दिलंस, बाईंना कप दिलास, त्या पोरीला सुट्टी दिलीस. जो तो तुझा एकेक शब्द जपून ठेवून होता. मी तुझी सख्खी धाकटी बहीण, आणि माझ्याजवळ तसा काही शब्द नाही. माझ्या वाट्याला आल्या त्या तुझ्या दुरुस्त्या.

"हाड तुटलं" असं मी म्हटलं की तू थांबायचीस. समोर कोण आहे, किती घाई आहे, काही बघायची नाहीस. "निलू, हाड मोडतं. तुटते ती दोरी. काच फुटते, भांडं तडकतं, बांबू पिचतो. सांधा निखळतो, पाय मुरगळतो, कंबर लचकते." मी म्हणायचे, "अगं, हिंदीत सगळ्याला टूटना म्हणतात, चालतंय ना त्यांचं?" तू म्हणायचीस, "त्यांच्याकडे चटकना आहे, मोच आहे, तेही तुला माहीत नाही. तुझ्याकडे ना धड इकडचं, ना धड तिकडचं." हे तू हसत म्हणायचीस, म्हणून मला रागावताही यायचं नाही.

आपण दोघी दिल्लीतल्या एकाच सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. बाबा मंत्रालयातून आल्यावर अंगणात खाट टाकून बसायचे, ते दोघींसमोर. त्यांची साताऱ्याची मराठी तुझ्यात कशी उतरली आणि माझ्यापर्यंत येता येता तिचं "मी बाजार जाऊन येते" कसं झालं, हे मला आजवर उमगलेलं नाही. चार वर्षांचं अंतर आपल्यात. त्या चार वर्षांत बाबांनी तुला काय काय देऊन टाकलं, कोण जाणे.

आणि माझा हात. त्याबद्दल तर आपलं भांडण मिटलंच नाही.

मी आठ वर्षांची होते. क्वार्टरच्या मागे पाण्याची टाकी होती, तिच्या कठड्यावरून मी उडी मारली. सगळी मुलं मारत होती. मी हातावर पडले आणि मनगटाच्या वर हात वाकडा झाला. घरात त्या दिवसापर्यंत माझ्यासाठी कधी धावपळ झाली नव्हती. बाबा ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. आईने मला इतकी मोठी असूनही कडेवर घेतलं. दवाखान्यात गेलो. दुखत होतं, पण आत कुठेतरी मी खूश होते, हे मला स्वच्छ आठवतं.

तिथल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. तू पुढे जाऊन विचारलंस, "अंकल, ये आधी क्यों टूटी है?" अर्धीच का मोडली, म्हणून. बारा वर्षांची तू. झालं. त्यांनी माझ्याकडे पाठ केली. खिडकीबाहेरच्या कडुलिंबाची एक ओली काडी मोडून तुला दाखवली. वाळकी काडी कटकन मोडते, ओली काडी एका बाजूने फाटते आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकते. लहान मुलांची हाडं ओली असतात. इंग्रजीत याला ग्रीनस्टिक म्हणतात. तू ती काडी हातात घेऊन मागे-पुढे वाकवून बघत राहिलीस. बाबा तुझ्याकडे बघत होते. आईही तुझ्याकडे बघत होती. हात माझा मोडला होता.

पुढे ती तुझी गोष्ट झाली. डॉक्टर कशा झालात, असं कुणीही विचारलं की तू कडुलिंबाच्या काडीपासून सुरुवात करायचीस. फार सुंदर सांगायचीस. त्यात मी "माझी धाकटी बहीण" एवढीच असायचे, आणि एका सत्काराच्या वेळी तू डावा हात म्हणालीस. मी घरी आल्यावर म्हटलं, "ताई, उजवा होता." तू म्हणालीस, "डावा. तू उजव्या हाताने पेरू खात होतीस प्लास्टरमध्ये." मी म्हटलं, "तो डाव्या हाताने खात होते, म्हणून तर सांडत होता." आईला विचारलं, ती म्हणाली, "मोडला होता एवढं आठवतं बाई." एक्स-रे घर बदलताना कधीच गेला. मग तू माझे दोन्ही हात तुझ्या हातात घेतलेस, अंगठ्याने हाडावरून वर-खाली चाचपलंस आणि म्हणालीस, "लहानपणीचं हाड इतकं छान भरून येतं की मोडलं होतं याचा माग राहत नाही. आता कुणालाच सांगता यायचं नाही." आणि तुझ्या गोष्टीत तो डावाच राहिला. ताई, उजवा होता. माझा हात होता, मला माहीत असणार ना.

मला मेडिकलला जागा मिळाली नाही, मी फिजिओथेरपी केली. यात कुणाचा दोष नाही. पण लोकांना वाटलं मी तुझ्या मागून आले, अर्ध्या वाटेत थांबले. तू हाडं जुळवायचीस आणि पेशंट माझ्याकडे पाठवायचीस. तुझ्याकडे लोक वेदना घेऊन यायचे आणि तू ती थांबवायचीस. माझ्याकडे यायचे तेव्हा वेदना थांबलेली असायची आणि मी ती पुन्हा सुरू करायचे. आखडलेला गुडघा वाकवायचा म्हणजे दुसरं काय? मिठाई तुझ्याकडे जायची. मला माझ्या क्लिनिकच्या गल्लीत "दर्द वाली मैडम" म्हणतात, अजूनही.

आपलं सगळ्यात मोठं भांडण यावरच. तू एक्स-रे उजेडात धरून म्हणायचीस, "बघ, काय सुरेख जुळलंय." मी म्हणायचे, "फोटो सुरेख आहे. पण या बाईचा हात डोक्यापर्यंत जात नाही. वेणी कोण घालणार तिची?" तू म्हणायचीस, आधी हाड. मी म्हणायचे, आधी माणूस. तू प्लास्टर आणखी ठेवायला सांगायचीस, मला ते लवकर काढून हवं असायचं. एकदा तर फोनवर इतकं वाजलं की आपण संक्रांतीपर्यंत बोललो नाही, आणि मग तिळगूळ द्यायला तू आलीस तेव्हा दारातच म्हणालीस, "गोड बोल, पण प्लास्टर मी सांगेन तेव्हाच निघेल."

तुझ्या शोकसभेत एक बाई मला येऊन भेटल्या. खांदा मोडला होता त्यांचा, मीच तो नंतर हलवून दिला होता. माझा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टर साहिबा कहती थीं, हड्डी तो मैं जोड़ दूँगी, पर आपका हाथ आपको मेरी बहन वापस करेगी." मला म्हणाली नाहीस कधी. आणि बघ, ताई, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. तेही तूच करून गेलीस. मी त्या बाईंना धन्यवाद म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रडू होतं की राग, मला वेगळं करता आलं नाही.

मग या वर्षीचा हिवाळा. तू करोल बागच्या फ्लॅटमध्ये, आई तुझ्याजवळ. ती तुझ्याजवळ राहायची, हाही एक सल होताच. मी किती वेळा म्हटलं, नोएडाला चल, खोली मोकळी आहे, खाली बाग आहे. ती म्हणायची, "शुभा एकटी आहे गं. तुझ्याकडे अविनाश आहे." म्हणजे लग्न केलं म्हणून मी आईला मुकले.

सकाळी तू गॅसवरचा कुकर उचलून ओट्यावर ठेवायला गेलीस आणि दंडाचं हाड मोडलं. पडली नाहीस, आपटली नाहीस. वरण-भाताचा कुकर. आईने मला सांगितलं की आवाज आला तेव्हा तिला वाटलं ओट्याची फरशी तडकली. तू उजव्या हाताने डावा हात धरून खाली बसलीस आणि आईला म्हणालीस, "फोन दे." तो फोन तू मला केला नाहीस. रिद्धिमाला केलास, तुझ्या असिस्टंट सर्जनला. मला कळलं दुपारी, आणि तेही आईकडून.

मेट्रोच्या ब्लू लाइनने येताना सगळा रस्ता मला एकच गोष्ट टोचत होती, कळवण्यात आपला नंबर तिसरा. तुझ्या हाताची काळजी त्याच्या नंतर. असं होतं माझं, लपवून काय करू?

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तू गळ्यातल्या झोळीत हात अडकवून खुर्चीत बसली होतीस आणि समोर स्क्रीनवर तुझाच एक्स-रे होता. रिद्धिमा दाराशी उभी होती, तिचे डोळे लाल. मी स्क्रीनकडे बघितलं. हाडाच्या आत ठिकठिकाणी गोल, काळी भोकं होती आणि जिथे मोडलं तिथे कडाच उरल्या नव्हत्या. मला ते वाचता येतं, ताई. तुला माहीत होतं की मला वाचता येतं. तरी मी विचारलं, "काय आहे हे?"

"पॅथॉलॉजिकल," तू म्हणालीस. हाड आधीच आजारी असतं आणि मग कशानेही मोडतं, त्याला तो शब्द. मार लागून नाही, आतून.

"पेशंटला काय सांगतेस?"

"पेशंटला सांगत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते." मग म्हणालीस, "याला माझ्याकडे शब्द नाही गं. कधी शोधलाच नाही."

रिद्धिमाने तुझ्या दंडात सळई घातली. रक्ताच्या तपासण्या आल्या, त्यात जे वाटलं होतं तेच निघालं. कॅन्सर सगळ्या हाडांत होता. तू घरी आलीस तेव्हा आईने विचारलं, "पण मोडलं कसं गं? पडली नाहीस की काही नाही." आणि तू, सगळ्या दिल्लीला शब्द पुरवणारी तू, म्हणालीस, "हाड जुनं झालं, आई."

आई म्हणाली, "माझं चौऱ्याऐंशी वर्षांचं धड आहे आणि तुझं जुनं कसं झालं?"

तू उठून बाल्कनीत गेलीस. मी मागे आले. खाली बाजार भरला होता, रिक्षांचे हॉर्न चालू होते, त्यामुळे तुला मोठ्याने बोलावं लागलं. "निलू, आईला तू सांग."

"मी का? तू डॉक्टर आहेस."

"मी सांगितलं तर ती मला धीर देत बसेल. तुझ्यापाशी रडेल तरी."

मला त्या क्षणी तुझ्याबद्दल काय वाटलं, सांगू? हे तुला आधीपासून ठाऊक होतं. आई तुझ्यासमोर कधी रडत नाही, माझ्यासमोर रडते, हे मला कधी दिसलंच नव्हतं. मी तिचं तुझ्यासमोरचं हसणं मोजत बसले होते.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं. तू केमोसाठी हॉस्पिटलात गेली होतीस. आई मेथी निवडत होती. मी काय सांगायचं ते मेट्रोत घोकून आले होते, पण ऐन वेळी मोठमोठे इंग्रजी शब्द आले आणि ती नुसती बघत राहिली. मग मी म्हटलं, "आई, तिची हाडं आतून पोखरली गेलीत. वरून दिसत नाही. हात लावला की मोडतात."

आईने हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "वाळवी. वाळवी लागलीय म्हण ना." आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्याजवळ सरकले. मेथी तशीच पसरलेली राहिली.

संध्याकाळी तुला ते सांगितलं. तू डोळे मिटून पडली होतीस. "वाळवी," तू म्हणालीस. दोनदा म्हणालीस. "बरोबर आहे. अगदी बरोबर आहे." आणि चक्क हसलीस. "म्हणजे हे सगळं मला आईकडून आलंय. मी आपली बाबांना श्रेय देत होते." तू आनंदाने म्हणालीस, पण मला पुन्हा तेच. म्हणजे ते बाबांकडून नव्हतं, आईकडून होतं, आणि तरीही माझ्यापर्यंत आलं नाही.

उन्हाळाभर मी रोज करोल बागेला आले. क्लिनिक दुपारपर्यंत, मग तुझा खांदा. सळई घातल्यावर तो आखडला होता, आणि हळूहळू, जपून, मोकळा करायचा होता. तू माझी पेशंट झालीस. आणि काय वाईट पेशंट होतीस तू. श्वास रोखायचीस, दुसऱ्या हाताने चादर धरायचीस, दहापर्यंत आकडे मोजताना सातावरून एकदम दहावर यायचीस. एकदा मी हात खांद्याच्या थोडा वर नेला, तेव्हा तू म्हणालीस, "निलू, पुरे." तुझ्या तोंडून "पुरे" मी पहिल्यांदा ऐकलं.

मी हात खाली ठेवला. तू छताकडे बघत विचारलंस, "सगळ्यांना एवढंच दुखतं?"

"एवढंच."

"मला वाटायचं कौतुक करून घेतात."

ताई, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकायला थांबले होते. आपलं भांडण मी जिंकले होते. तू मान्य केलंस, तेही न भांडता. आणि मला ते नको झालं. तू पहिल्यासारखं म्हणावंस, आधी हाड, मग माणूस, तू गप्प बस, असं वाटत राहिलं. मी तेल लावून तुझा हात चोळत बसले. दंड किती बारीक झाला होता.

त्याच आठवड्यात कधीतरी मी तुला म्हटलं, "मला तुझा हेवा वाटतो. अजूनही. अशी पडलीस तरी वाटतो. रोज एवढी माणसं येतात, फळं आणतात, मी पाणी देत फिरते."

तू डोळे उघडलेस. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"कायम. मला आवडायचं ते."

"आवडायचं?"

"हो. आई-बाबा कौतुक करायचे, पण ते नीट बघायचे नाहीत. तू बघायचीस. मी काय केलं, कुठे चुकले, कोण माझ्याशी काय बोललं, सगळं तुला माहीत असायचं. एवढं कुणी बघत असलं ना, की माणूस नेटाने काम करतं." मग म्हणालीस, "तू हेवा सोडला असतास तर मला करमलं नसतं."

मला वाटलं होतं तू म्हणशील, वेडी आहेस का, मलाच तुझा हेवा वाटायचा. तुझा संसार, तुझा अविनाश. अशी वाक्यं आजारी माणसं बोलतात. तू बोलली नाहीस. तुला माझा हेवा कधीच वाटला नाही आणि तू तसं खोटंही बोलली नाहीस. मला राग आला, आणि त्या खरेपणाचाही हेवाच वाटला.

मग पाठीचा मणका गेला. मोडला म्हणायचं तर त्याचे दोन तुकडे नव्हते. तो वरच्या भाराने चेपला होता. तू रिद्धिमाला सांगितलंस, "मणका बसला." तीही आता पेशंटना तसंच सांगते. त्यानंतर तू फार बसली नाहीस. ताप आला, छातीत भरलं, हॉस्पिटलात हलवलं, आणि एका सकाळी तू गेलीस. मी मेट्रोत होते. आई उशाशी होती आणि रिद्धिमा होती. एका नर्सने तुझे केस विंचरून दोन बाजूंना नीट बसवले होते. मी पोचले तेव्हा सगळं झालेलं होतं. मी त्या नर्सकडे असं बघितलं की ती बिचारी बाजूला झाली. आयुष्यभर मी तुझ्यावर नजर ठेवून होते, आणि नेमकी तेव्हा नव्हते.

आता तुझ्या घराला कुलूप आहे. आई माझ्याकडे आली आहे. मला जे इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, असं मिळालं. तिच्यासाठी पूर्वेची खोली दिली आहे. तिला खालची बाग आवडते, लिफ्ट आवडत नाही. संध्याकाळी शेजारच्या मिसेस अगरवाल तिच्याजवळ येऊन बसतात. आई आयुष्यभर दिल्लीत राहून हिंदी बोलते ती अजून आपलीच, पण त्यांचं छान जमतं.

परवा मी दोघींना चहा घेऊन गेले. मिसेस अगरवालना तुझ्याबद्दल माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. त्या आईला विचारत होत्या, "आंटी, आपके कितने बच्चे हैं?"

मी ट्रे घेऊन दाराशीच थांबले. काय म्हणेल ही?

"दो बेटियाँ," आई म्हणाली. "बड़ी डॉक्टर है. हड्डी की. बहुत नाम है उसका." ती "है" म्हणाली. भूल नव्हती ती, आईला सगळं कळतं. तुझ्याबद्दल ती पुष्कळ बोलली. कणसाचे दाणे सांगितले, कप सांगितला. शोकसभेतलं सगळं तिने पाठ केलं होतं. मिसेस अगरवाल अहाहा करत ऐकत होत्या. आणि मी तिथे उभी राहून, ताई, जळत होते. अजूनही.

मग त्यांनी विचारलं, "और छोटी?"

मी तोवर आत येऊन ट्रे टेबलावर ठेवला होता. आईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती शोधत होती, मला दिसत होतं. वाळवी जिला एका क्षणात सुचली होती तिला माझ्यासाठी काही सुचेना.

"छोटी," ती म्हणाली, "छोटी ये."

धाकटी ही, एवढंच म्हणाली. पण म्हणताना तिने माझं मनगट धरलं, आणि बोलणं दुसरीकडे वळलं, मिसेस अगरवाल आपल्या सुनेबद्दल सांगायला लागल्या, तरी तिने ते सोडलं नाही. चहाचे कप द्यायचे होते. मी हात सोडवून घेतला नाही. कपांवर साय धरेपर्यंत मी तशीच वाकून उभी राहिले.